पुण्यात कोथरूडला जुना रिसेल की धायरीला नवीन? टू बीएचके, बजेट ८२ लाख, सल्ला हवाय

गुलमोहर२
नमस्कार मंडळी. पाच महिने झाले, सगळे शनिवार-रविवार फ्लॅट बघण्यात चाललेत. आता दोनच उरलेत आणि घरात एकमत होत नाहीये. स्टॅम्प ड्युटी, रजिस्ट्रेशन सगळं धरून ८२ लाख, त्याच्या वर एक रुपया नाही.
एक, कोथरूडला डहाणूकर कॉलनीजवळ, १९९१ ची बिल्डिंग, तिसरा मजला, लिफ्ट नाही, कार्पेट ६१० स्क्वेअर फूट, मालक ७६ लाख म्हणतायत.
दोन, धायरीत सातवा मजला, दोन लिफ्ट, कव्हर्ड पार्किंग, कार्पेट ६९०, भोगवटा पत्र आलंय त्यामुळे जीएसटी नाही, ६८ पर्यंत येतील.
मी सदाशिव पेठेत शाळेत शिकवते, मिस्टर हिंजवडीला, मुलगा दुसरीत. सासूबाई ७१ च्या आहेत, गुडघे दुखतात. कुणी दोन्हीकडे राहिलेलं असेल तर प्लीज सांगा.

कर्वेपुतळा
डोळे झाकून कोथरूड. आम्ही ९६ साली डहाणूकरला घेतला तेव्हा नातेवाईक म्हणायचे एवढ्या लांब कोण येणार, आज तेच विचारतात आमच्या लाइनीत काही विकायला आहे का. शाळा, भाजी, दवाखाना, नाटक सगळं पायाखाली. आनंदनगरला मेट्रो पकडायची, डेक्कनला उतरायचं की तुमची पेठ आलीच.

धायरीफाटा
कुठलं आनंदनगर? सिंहगड रोडला मेट्रो कधी आली?

कर्वेपुतळा
पौड रोडचं हो. वनाजच्या पुढचं स्टेशन. २०२२ पासून चालू आहे.

बाणेरवासी
मिस्टर हिंजवडीला आहेत तर बाणेर का नाही बघत? आम्ही गेल्या वर्षी १ कोटी ३५ ला घेतला, २२ मिनिटांत ऑफिस. थोडं ताणायचं, पगार वाढतातच.

गुलमोहर२
@बाणेरवासी खरंच शक्य नाही हो. आत्ताच ईएमआय ४४ हजारांवर जातोय.

धायरीफाटा
ताई, मी धायरीत सहा वर्षं राहतोय, जे आहे ते सांगतो. घर मोठं मिळतं, हवा छान, गॅलरीतून सिंहगड दिसतो. पण पाणी. आमच्याकडे १४० फ्लॅट, उन्हाळ्यात दिवसाला पाच-सहा टँकर. आमचा वॉचमन रोज सकाळी खालच्या टाकीत बांबू सोडतो, बांबू कुठपर्यंत ओला झाला ते बघतो आणि त्यावरून ग्रुपवर मेसेज येतो, आज दोन तास किंवा आज एकच तास. मेंटेनन्स ३२०० चा ४८०० झाला तो निव्वळ टँकरमुळे. तुम्ही घेताय त्या सोसायटीची एप्रिल आणि मे ची टँकरची बिलं मागा. ब्रोकर म्हणेल कॉर्पोरेशनची लाइन आहे. लाइन असते, पाणी किती वेळ येतं ते विचारा. आणि हे ब्रोकरला नाही, तिथे राहणाऱ्या कुणालातरी विचारा.

पानशेत६१
सिंहगड रोडला अजिबात जाऊ नका. माझ्या वडिलांचं घर १२ जुलै १९६१ ला पुरात गेलं, अंगावरच्या कपड्यांवर बाहेर पडले होते. आणि आत्ता जुलै २०२४ ला एकतानगरीत काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि पहाटे लोकांच्या पार्किंगमध्ये बोटी.

डोंगरवाट
काका, तुमचं दुःख समजतं पण एकतानगरी नदीला लागून आहे, धायरी तिथून कितीतरी वर, चढावर. सरसकट सिंहगड रोड म्हणून चालत नाही. नदीजवळचं काही घेत असाल तर निळी रेषा, लाल रेषा बघा. निळी म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा. धायरीला तो प्रश्नच नाही.

पानशेत६१
पूर नाही तर साथ. २०२५ च्या जानेवारीत जीबीएसचे (नसांचा तो आजार, गियाँ-बारे) पेशंट सगळ्यात जास्त कुठे सापडले? किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी. पाण्याशीच येऊन थांबतं सगळं.

चहाबाज
पाणी राहू दे, ट्रॅफिकचं बोला. विठ्ठलवाडीपासून फनटाइमपर्यंत पूल झाला, फरक पडला, मान्य. पण पुलावरून उतरलं की वडगाव पूल ते धायरी फाटा पुन्हा तेच. मी संध्याकाळी साडेसहाला रोज तिथे असतो. मिस्टरांना हिंजवडीहून येताना वारजे, नवले पूल हे सगळं पार करून यायचंय. कोथरूडला असाल तर चांदणी चौकातच आत वळले. रोजचा पाऊण तास वाचेल, जाऊन-येऊन.

फुरसत
कोथरूडला रिडेव्हलपमेंट होईल, म्हणजे जुनी पाडून नवी बिल्डिंग बांधतील, आणि लिफ्ट येईल या आशेवर तिसरा मजला घेऊ नका. माझ्या मावशीची सोसायटी, १६ सभासद, सात वर्षं झाली, दोन बिल्डर बदलले, अजून कुदळ पडलेली नाही. एक सभासद अमेरिकेत, एकाच्या घरी वारसांचं भांडण.

कर्वेपुतळा
आमची तीन वर्षांत झाली. भाडं वेळेवर मिळालं, १८० स्क्वेअर फूट जास्त मिळाले.

फुरसत
तुमची झाली म्हणून सगळ्यांची होत नाही ना.

निवृत्तकाका
भांडण बाजूला ठेवा. मी ३२ वर्षं बँकेत होतो, गुलमोहरताई, हे लिहून घ्या. जुन्या बिल्डिंगचं कन्व्हेयन्स झालंय का ते पहिलं विचारा. नसेल तर जमीन अजून मूळ मालकाच्या किंवा बिल्डरच्या नावावर आहे, मग रिडेव्हलपमेंटच्या गप्पा हवेत. ३० वर्षांवरच्या इमारतीला स्ट्रक्चरल ऑडिट कायद्याने लागतं, त्याचा रिपोर्ट मागा, बँकही मागेल, आणि इमारतीचं वय बघून कर्जाची मुदत कमी करू शकते, म्हणजे तुमचा ४४ हजारांचा हप्ता आणखी वाढेल. त्यामुळे टोकन देण्याआधी बँकेत जा. पुण्यात स्ट्रक्चर कितीही जुनं असो, स्टॅम्प ड्युटी ७ टक्के, फक्त बाईच्या नावावर घेतलं तर ६. ७६ लाखांवर ७६ हजार वाचतात. पण नवऱ्याचं नाव खरेदीखतात जोडलं की सवलत गेली. रजिस्ट्रेशन ३० हजार. आणि ५० लाखांच्या वर व्यवहार असेल तर एक टक्का टीडीएस, म्हणजे विकणाऱ्याच्या पैशातून आयकर, तुम्ही कापून भरायचा, विकणारा नाही. माझ्या पुतण्याने भरला नाही, व्याज आणि लेट फी दोन्ही भरावं लागलं.

सरळरेषा
कन्व्हेयन्स नक्की बघा. आणि धायरीचं पाणी पण बघा.

मागचीखिडकी
काहीही घ्या पण तळमजला घेऊ नका, एवढंच सांगते. २०१९ च्या सप्टेंबरातल्या त्या पावसात आमचा चेंबर उलटला, बाथरूमच्या जाळीतून काळं पाणी वर आलं, हॉलपर्यंत. गाद्या टाकून द्याव्या लागल्या. डास तर बारा महिने.

गुलमोहर२
सगळ्यांचे मनापासून आभार, निवृत्तकाकांचे तर खूपच. रविवारी सासूबाईंना घेऊन दोन्ही पाहिले. धायरीत घर आवडलं त्यांना, पण खाली उतरल्यावर म्हणाल्या, इथे चालत कुठे जायचं? मंदिरही रिक्षाने. कोथरूडला दुसऱ्या मजल्याच्या वळणावर थांबल्या, पिशवी पायरीवर ठेवली, कठडा धरून पाच मिनिटं उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, मी एकदा वर आले ना, की खाली उतरायची नाही गं. तेव्हापासून मला झोप नीट लागलेली नाही.

बाणेरवासी
बाणेरला सगळीकडे लिफ्ट आहेत. बघून तरी या.

चहाबाज
मग धायरीच घ्या. दोन लिफ्ट आहेत. मंदिराला आठवड्यातून एकदा गाडीने नेता येईल.

कर्वेपुतळा
कोथरूडमध्येच लिफ्टवालं शोधा, चार-पाच लाख जास्त जातील, कर्ज वाढवून घ्या. तळमजला मात्र नको, वर मागचीखिडकी म्हणतायत ते बरोबर आहे.

गुलमोहर२
(तीन आठवड्यांनी) कळवायचं राहून गेलं. काल टोकन दिलं. दोन्ही घेतले नाहीत. कोथरूडच्या त्याच गल्लीत मागच्या बिल्डिंगमध्ये तळमजला मिळाला, कार्पेट ५२०, टू बीएचके नाही, वन अँड अ हाफ म्हणतात तसं. ७१ ला ठरलं. कन्व्हेयन्स २०१४ ला झालंय, ऑडिट रिपोर्ट पाहिला, बँकेने १८ वर्षांची मुदत दिली, खरेदीखत माझ्या एकटीच्या नावावर करतोय. तळमजला नको असं सगळ्यांनी सांगितलं होतं, मला माहितीये, दोन रात्री मी त्याचाच विचार करत होते. पण दाराबाहेर तीनच पायऱ्या आहेत. सासूबाई त्या उतरून एकट्या कोपऱ्यावर गेल्या, मेथीची जुडी घेतली, भाव करून आल्या आणि आम्ही अजून मालकांशी किमतीवर बोलतच होतो. मुलाला वेगळी खोली मिळणार नाही, तो हॉलमध्ये झोपेल.
आता एक मदत हवी. @मागचीखिडकी तुम्ही नंतर चेंबरच्या लाइनला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं येऊ न देणारा) बसवला का? कोथरूड भागात हे काम नीट करणारा प्लंबर कुणाला माहीत असेल तर मेसेज करा. पावसाच्या आधी करून घ्यायचंय.

मागचीखिडकी
बसवला, त्यानंतर एकदाही पाणी आलं नाही. नंबर मेसेजमध्ये पाठवते. तो म्हणेल बाथरूमचा एकच पुरे, ऐकू नका, संडासच्या लाइनलाही लावून घ्या. आणि खिडक्यांना जाळी आत्ताच, सामान यायच्या आधी.