मिड-पॉवर रॉकेट: फिन बसवायला फेव्हिकॉल, अ‍ॅराल्डाइट की फेव्हिक्विक?

विक्रोळी_टीम:
नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या एका विद्यार्थी स्पर्धेसाठी आम्ही पहिल्यांदाच मिड-पॉवर (मध्यम ताकदीचं मॉडेल) रॉकेट बांधतोय. मोटर आयोजक देणार, लाँचही त्यांच्याच परवानगीच्या मैदानावर. आमच्याकडे फक्त बॉडी. ६६ मिमी व्यासाची क्राफ्ट पेपरची ट्यूब, २९ मिमीचा मोटर माउंट (मोटर धरणारी आतली ट्यूब), ती मधोमध धरायला ५ मिमी प्लायच्या तीन सेंटरिंग रिंग, ३ मिमी बर्च प्लायचे तीन फिन (शेपटीचे पंख), प्लॅस्टिकचा नोज कोन (पुढचं टोक). मोटर एफ वर्गाची.

टीममध्ये एकमत होत नाहीये. एकाला सगळीकडे फेव्हिक्विक हवंय, दुसऱ्याला पाच मिनिटांत सेट होणारा इपॉक्सी (अ‍ॅराल्डाइटसारखा, रेझिन-हार्डनर मिसळायचा गोंद). मी फेव्हिकॉल म्हणतेय, पण सध्या घरात चादरी वाळत नाहीत, तिथे फेव्हिकॉल वाळेल का?

पवई_एरो:
सरसकट इपॉक्सी. सढळ हाताने लावा, तेवढी ताकद वाढते. बाकी विचार करू नका.

पॅटर्नमेकर_मुलुंड:
पवईकर, सढळ हाताने लावण्याबद्दल माझं मत अगदी उलट आहे, म्हणून सविस्तर लिहितो. फाउंड्रीसाठी लाकडाचे पॅटर्न करण्यात माझी नोकरी गेली आणि आता सोसायटीतल्या पोरांची रॉकेटं बघतो. सांधा कुठे तुटतो हे बघायची सवय जात नाही.

आधी हिशेब. एफ म्हणजे एकूण आवेग ४० ते ८० न्यूटन-सेकंद. धक्का मोटरगणिक वेगळा, पण समजा ८० न्यूटन, म्हणजे साधारण आठ किलोचा रेटा. मोटर ट्यूबचा बाहेरचा परीघ सुमारे ९५ मिमी, रिंगची जाडी ५ मिमी, म्हणजे एका रिंगला चिकटायला ४७५ चौरस मिमी जागा. सगळा रेटा एकाच रिंगवर आला तरी प्रत्येक चौरस मिमीला ०.१७ न्यूटन. नीट बसलेला साधा लाकडाचा गोंद याच्या कित्येक पट सोसतो. कागदाचे थर सुटतील, सांधा नाही सुटणार.

म्हणजे उडताना मोटर माउंट उखडेल ही भीती सोडा. खरा मार बसतो उतरताना. पॅराशूटवर सेकंदाला ६ मीटर वेगाने खाली येणं म्हणजे जवळजवळ १.८ मीटरवरून सोडून देणं, आणि सगळं वजन एका फिनच्या टोकावर. फिन ट्यूबच्या मागे लोंबत असेल तर तोच आधी आपटणार. कापायच्या आधीच मागची कड ट्यूबच्या टोकाच्या थोडी पुढे घ्या. गोंदाच्या निवडीपेक्षा याचा फायदा जास्त.

आता गोंद. कागद-लाकूड सांध्याला फेव्हिकॉलच, पण मरीन घ्या, तो ओलाव्याला टिकतो. पातळ गोंद तंतूंत शिरतो. आधी ट्यूबचा चकचकीत वरचा थर सँडपेपरने घालवा, नाहीतर सांधा त्या थरालाच धरतो आणि थरासकट सोलून निघतो. मग दोन्हीकडे पातळ हात द्या, सुकू द्या, पुन्हा पातळ हात देऊन दाबा. पावसाळ्यात वाळायला वेळ लागेल, वाळणार नाही असं नाही. रात्रभर पंख्याखाली ठेवा.

फिन ट्यूबच्या खाचेतून आत जाऊन मोटर ट्यूबला टेकतील असे करा. पोरं इथे घाई करतात. पुढच्या दोन रिंग चिकटवा, पण तिसरी, शेपटीकडची, कोरडीच बसवा आणि फिन लागले की बाहेर काढा. आता मागून आत बघता येतं: फिन जिथे मोटर ट्यूबला टेकतो तिथे दोन्ही बाजूंनी लांब काडीने इपॉक्सीची बारीक गोलाई भरा, मग तशीच बॉडी ट्यूबच्या आतल्या बाजूला. हे झाल्यावरच रिंग कायमची बसवा. त्या आतल्या गोलाईवर फिनचा सगळा भरवसा असतो, आणि बाहेरून कुणाला ती दिसतही नाही.

फेव्हिक्विक फिनला नको. धक्क्याला काचेसारखं तडकतं. ट्यूबच्या कडा कडक करायला मात्र छान. कड भिजवा, सुकल्यावर हलक्या हाताने घासा. खिडकी उघडी ठेवा, वाफ डोळ्यांत झोंबते.

सढळ हाताबद्दल शेवटी बोलतो. गोंद लागतो शेपटीला. तिथलं प्रत्येक ग्रॅम गुरुत्वमध्य मागे ओढतं. तो दाबकेंद्राच्या (हवेचा रेटा जिथे एकवटतो त्या जागेच्या) किमान एक व्यास, म्हणजे तुमच्याकडे ६६ मिमी, पुढे हवा, नाहीतर रॉकेट सरळ जाणार नाही. बांधणी झाल्यावर, पॅराशूट आणि मोटरसह वजन धरून, ओपनरॉकेट या रॉकेटच्या सॉफ्टवेअरमध्ये पुन्हा आकडे टाका.

कुर्ला_फिटर:
फिनच्या रेषा आखायला घरातल्या स्लायडिंग खिडकीचा अ‍ॅल्युमिनियम चॅनल वापरा. ट्यूब त्यात टेकवली की पेन्सिल सरळच जाते. फिन धरून ठेवायला जाड पुठ्ठ्यात १२०-१२० अंशांवर खाचा कापा.

विक्रोळी_टीम:
काका, खूप आभार. मागची रिंग कोरडी ठेवायचं आमच्या ध्यानीमनी नव्हतं. अजून तीन शंका. मोटर माउंट ट्यूबमध्ये सरकवताना अर्ध्यातच अडकला तर? बाहेरच्या फिलेटला (फिनच्या मुळाशी भरायच्या गोलाईला) कुठला इपॉक्सी? आणि नोज कोनला हुक चिकटवायचाय.

पॅटर्नमेकर_मुलुंड:
बरोबर ठिकाणी बोट ठेवलंस. माउंट सरकवताना फेव्हिकॉल नको. पाण्याने कागद फुगतो आणि मधेच घट्ट धरतो, मग पुढेही जात नाही, मागेही येत नाही. तिथे सावकाश सेट होणारा साधा अ‍ॅराल्डाइट. गोंद रिंगला लावू नका, ट्यूबच्या आत, रिंग जिथे थांबणार त्याच्या जरा अलीकडे गोल फिरवा. रिंग ढकलताना तो तिच्या पुढ्यातच जमतो. पॅराशूट आणि नोज कोन बांधायची केव्हलरची दोरी त्याआधीच पुढच्या रिंगच्या भोकातून ओवून गाठ मारून ठेवा, नंतर हात पोचत नाही.

बाहेरच्या फिलेटलाही तोच. पाच मिनिटांचा घाईत पसरतो आणि बुडबुडे धरतो. रेझिन आणि हार्डनर समान. लवकर सुकावं म्हणून हार्डनर वाढवला तर तो मऊच राहतो. कपात गोळा करून ठेवू नका, स्वतःच्याच उष्णतेने तापून लवकर घट्ट होतो, ताटलीवर पसरा. दोन फिनच्या मधली खोबण वर येईल अशी ट्यूब आडवी ठेवा, दोन्ही फिलेट एकदम भरा, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेलं ग्लव्हजमधलं बोट एकाच ओढीत फिरवा. हे सेट झाल्याशिवाय ट्यूब फिरवू नका. दमट हवेत वर चिकट तेलकट पापुद्रा येतो. तो आधी साबणाच्या पाण्याने धुवा, मग घासा. आधी घासलं तर तो आत पसरतो आणि रंग धरत नाही.

नोज कोन पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिथिनचा असेल तर त्याला यातलं काहीही धरत नाही. त्याच्याच प्लॅस्टिकमध्ये कडी असते, तिला दोरी बांधा. नसेल तर तळाला भोक पाडून आतून वॉशर घालून आय-बोल्ट लावा.