मदत हवी आहे: ‘सबकल्चर’ला मराठीत काय म्हणू?

मंडळी, रविवारी आमच्या फोटो क्लबात रॉटरडॅमच्या आरी वर्स्लाउस आणि एली आउटेनब्रुक यांच्या ‘एक्झॅक्टिट्यूड्स’ या फोटोमालिकेवर बोलायचंय. १९९४ पासून दोघं एकसारखा पेहराव केलेली माणसं हेरतात, एकाच पोझमध्ये उभी करतात आणि १२ फोटो एका चौकटीत लावतात. सुरुवात ‘गॅबर’ म्हणवणाऱ्या टेक्नोवेड्या डच पोरांपासून झाली: तासलेलं डोकं, ट्रॅकसूट, टेक्नोचा धांगडधिंगा. ‘आम्ही वेगळे’ म्हणणाऱ्यांचा हा चक्क गणवेश, तोही दुकानातून विकत घेतलेला!

अडचण अशा गटांसाठीच्या शब्दाची आहे. ‘उपसंस्कृती’ म्हटलं की लोक जांभया देतात (मीही देतो), ‘टोळकं’ म्हटलं तर पोरं उगाच मवाली ठरतात. ‘कंपू’ चालेल का? तरुणांच्या तोंडी सध्या काय आहे?