पंधराव्या वर्षी लिहिलेली कादंबरी: सुधारावी की वहीतच राहू द्यावी?

जुनी वही

नमस्कार. आईचे घर आवरताना पत्र्याच्या पेटीत माझ्याच हस्ताक्षरातल्या तीन शंभरपानी वह्या सापडल्या. १९९८ साली, दहावीच्या परीक्षेनंतरच्या सुट्टीत, मी त्यांत एक कादंबरी लिहिली होती. वडील मनमाडला रेल्वेच्या कारखान्यात होते आणि आम्ही क्वार्टरमध्ये राहत होतो. त्यामुळे कथेतली चार मुलेही तिथलीच आहेत, आणि ती अंकाई किल्ल्यावर लपवलेल्या चोरीच्या मूर्तींचा छडा लावतात. टोळीचा म्होरक्या सिगार ओढतो. सिगार मी तोवर डोळ्यांनी पाहिलीही नव्हती.

मजकूर सुमारे ४०,००० शब्दांचा आहे. वाचताना निम्म्या पानांवर लाज वाटली. काही पानांवर मात्र असे वाटले की आज मला हे इतक्या सहज लिहिता येणार नाही. हे लेखन सुधारून प्रकाशकाकडे पाठवण्याच्या योग्यतेचे आहे की नाही, हे नेमके कशावरून ठरवावे? घरच्यांना विचारण्यात अर्थ नाही, कारण आईला ते सगळेच आवडले आहे.

मुद्रितशोधक

बरीच वर्षे मुद्रिते तपासण्यात गेली असल्यामुळे आधी एक विनंती करतो: हातात पेन घेऊ नका आणि टंकलेखनही सुरू करू नका. एकदा टंकलेखन झाले की माणूस शुद्धलेखन सुधारत बसतो आणि त्यालाच पुनर्लेखन समजू लागतो. वह्या एकदा सलग वाचा, आठवडाभर बाजूला ठेवा, आणि मग न पाहता कोणते प्रसंग लक्षात राहिले ते एका कागदावर लिहा. भाषा कच्ची असणे हा नकाराचा निकष नाही, कारण ती सुधारता येते. उसने किती आणि स्वतःचे किती, हा खरा प्रश्न आहे. सिगारवाला म्होरक्या आपण सगळ्यांनीच त्या वयात वाचलेल्या रहस्यकथांतून आलेला आहे, त्याला निरोप द्यायला हरकत नाही. तो गेल्यावर मागे काय उरते?

जुनी वही

तुम्ही सांगितल्याप्रमाणे केले. कागदावर अकरा प्रसंग आले आणि त्यांत मूर्तिचोरांचा एकही नव्हता. सर्वांत आधी आठवले ते चौथे प्रकरण. मुले रात्री पाळतीवर बसलेली असताना नळाला पाणी आल्याची हाकाटी होते आणि पाळत सोडून चौघेही आपापल्या घरी हंडे भरायला पळतात. मनमाडच्या पाण्याची अवस्था ठाऊक असलेल्यांना यात नवल वाटणार नाही. मी ते केवळ चोर निसटून जावेत म्हणून घातले होते.

मुद्रितशोधक

म्हणजे उत्तर तुमच्या कागदावरच आले आहे. पंधरा वर्षांच्या मुलीला जे इतके रोजचे होते की त्यावर लिहावे असेही तिला वाटले नाही, तेच या लेखनातले मोलाचे आहे. मूर्ती राहिल्या तरी चालतील, पण कथेचा कणा पाण्याच्या वेळापत्रकाचा करून पाहा: पाणी कधी येईल ते कोणालाच माहीत नाही आणि मुलांचे प्रत्येक धाडस त्याच्यापुढे हरते. असे अकरापैकी चार-पाच प्रसंग जरी निघाले, तरी मी पुनर्लेखनाच्या बाजूने मत देईन. एखादाच निघाला, तर त्याची कथा करा आणि कादंबरीचा नाद सोडा.

रेषेबाहेर

मी हा उद्योग करून पोळलो आहे, म्हणून विस्ताराने लिहितो. माझी सतराव्या वर्षीची कादंबरिका मी ओळीओळीने दुरुस्त केली. प्रत्येक वाक्य पूर्वीपेक्षा चांगले झाले आणि पुस्तक मेले, कारण आतला मुलगा चाळिशीतल्या माणसासारखा विचार करू लागला. त्याला वडिलांचा राग येण्याआधीच वडिलांची बाजू कळू लागली. एका प्रकाशकाने हस्तलिखित परत पाठवताना, निवेदक नेमका किती वर्षांचा आहे, एवढेच विचारले होते. दुसरी चूक म्हणजे मी कथा आजच्या काळात आणली. मुलगा हरवतो आणि गाव रात्रभर त्याला शोधते, हा सगळा भाग एका मोबाइलपुढे कोसळला. तुमची कथा १९९८ मध्येच राहू द्या, एसटीडी बूथसकट.

जुन्या मजकुरात दुरुस्त्या करण्यापेक्षा वह्या मिटून कथा पहिल्या पानापासून नव्याने लिहावी, असे आता माझे मत झाले आहे.

पानगळ

वरील मताला एक जुना आधार आहे. जेन ऑस्टिनने १७९६-९७ मध्ये, विशीच्या उंबरठ्यावर, एक कादंबरी लिहिली आणि वडिलांनी विचारणा केल्यावर प्रकाशकाने ती न पाहताच नाकारली. तीच पुढे मोठ्या फेरफारानंतर १८१३ मध्ये ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ या नावाने निघाली. परंतु अकरा-बाराव्या वर्षापासून सतरापर्यंत लिहिलेले खोडकर लेखन तिने तीन वह्यांत सुवाच्य उतरवून ठेवले आणि हयातीत छापले नाही. म्हणजे एकाच लेखिकेने दोन्ही निर्णय घेतले, आणि वह्या फेकून मात्र दिल्या नाहीत.

व्यवहाराचे एकच सांगते. पुस्तक किशोरांसाठी की मोठ्यांसाठी, हे आधी ठरवा, कारण तुमच्या आठवणीतली गंमत मोठ्यांना भावेल आणि बारा वर्षांच्या मुलाला ‘पुढे काय’ हवे असेल. पाण्याचे प्रकरण शेजारच्या एखाद्या मुलाला, कोणाचे आहे ते न सांगता, वाचून दाखवा. तो मध्येच उठून गेला तर कुठे उठला ते लिहून ठेवा.

जुनी वही

सर्वांचे आभार. अकरापैकी सहा प्रसंग असे निघाले की ज्यांना चोरांची गरजच नाही, म्हणून नव्याने लिहायला घेतले आहे, मोठ्यांसाठी. वह्या पेटीत परत ठेवल्या होत्या. पण त्या रात्री धाकट्याच्या हातून हंडा निसटल्यावर आई त्याला काय बोलली, ते मला आठवेना. वहीत ते जसेच्या तसे आहे. तेवढे एक पान उतरवून घेतले आणि त्यातला शब्दही बदललेला नाही.