डिसेंबरअखेर इटलीत: माळकरी आईला घेऊन जाताना सणांचे आणि जेवणाचे कसे जमवावे?

संत्रेवाला, वरुड

नमस्कार मंडळी. या वर्षी आमच्या बागेतला आंबिया बहार डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच उतरतो आहे आणि व्यापाऱ्याशी सौदाही झाला आहे, त्यामुळे तीन वर्षे पुढे ढकललेला इटलीचा प्रवास आता करायचाच असे ठरले आहे. मुलगा बोलोन्याला नोकरीस आहे. २० डिसेंबरला मिलानला उतरून थेट त्याच्याकडे जायचे, नाताळ त्याच्या घरी काढायचा, २८ तारखेला रोम, ३० तारखेला नेपल्स, ३ जानेवारीला पुन्हा रोम आणि ७ तारखेला तिथूनच परतीचे विमान, असा बेत आहे.

अडचण आईच्या ताटाची आहे. तिचे वय ६८, गळ्यात तुळशीची माळ. मांस-मासे तर नाहीतच, अंडेही चालत नाही. पत्नीला अंडे चालते, आणि माझे म्हणाल तर सावजीच्या रश्शाला मी आजवर कधी नाही म्हटलेले नाही. मुलाला विचारले तर तो "होऊन जाईल बाबा" एवढेच सांगतो. आमच्या एका पाहुण्यांनी मात्र सांगितले की नाताळात तिकडे सगळे बंद असते आणि उपाशी राहायची पाळी येते. आईला नुसत्या इमारती पाहायच्या नाहीत. लोक सण कसा करतात आणि त्या दिवशी काय रांधतात, हे तिला पाहायचे आहे. कोणते दिवस खरोखर बंदचे असतात, आईने काय खावे आणि सोबत काय न्यावे, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

आर्वीची लेक

भाऊ, मी शिक्षणासाठी बोलोन्यात चार हिवाळे काढले आहेत, त्यामुळे थोडे सविस्तर लिहिते.

पाहुण्यांचे म्हणणे निम्मे खरे आहे. तिकडे नाताळ हा एका दिवसाचा सण नाही. ८ डिसेंबरच्या मारियामातेच्या सणाला घरोघरी झाड आणि देखावा मांडतात आणि ६ जानेवारीला आवरतात. मात्र या महिनाभरात खरे बंदचे दिवस मोजकेच असतात. २४ तारखेच्या संध्याकाळपासून दुकानांची दारे खाली येऊ लागतात, २५ तारखेला शहर अक्षरशः ओस पडते, २६ तारखेला संत स्तेफानोची सुट्टी असते, आणि त्यानंतर १ व ६ जानेवारी. मधल्या दिवसांत व्यवहार चालू असतो. माझ्या पहिल्या वर्षी मी २५ तारखेला रोममध्ये होते आणि "काहीतरी उघडे असेलच" या भरवशावर दुपारी दीड वाजता जेवण शोधायला निघाले. बस आणि मेट्रोच्या फेऱ्या मोजक्याच, रस्त्यात माझ्याच पावलांचा आवाज, आणि अर्ध्या उघड्या खिडक्यांतून ताटल्यांचा खणखणाट व उकळत्या रश्शाचा वास. शेवटी स्टेशनावरच्या यंत्रातून बिस्किटे घेतली आणि आईने दिलेला चिवडा खोलीवर बसून संपवला. जी काही हॉटेले त्या दुपारी उघडी असतात, त्यांची जागा आधी सांगून ठेवावी लागते. तुम्ही तर मुलाच्या घरी आहात. फक्त २३ तारखेला किराणा आणि भाजी भरून ठेवा.

आता ताटाकडे वळते. २४ तारखेच्या रात्रीचे जेवण रूढीने "दि माग्रो", म्हणजे मांसाविना असते. हे ऐकून हुरळून जाऊ नका. तो त्यांचा उपवास आहे आणि आपल्या एकादशीसारखाच दुप्पट खाशीचा आहे. मांस वर्ज्य, पण मासे ताटभर. "आज मांस नाही" असे वाढपी हसत सांगेल आणि पुढ्यात खारवलेला कॉड ठेवेल. म्हणून कागदावर मुलाकडून चार वाक्ये त्यांच्या लिपीत लिहून घ्या: "सोनो वेजेतारियाना", "सेन्त्सा पेशे", "सेन्त्सा उओवा" आणि "सेन्त्सा ब्रोदो दि कार्ने", म्हणजे मी शाकाहारी आहे, मासे नको, अंडी नकोत, मांसाचा रस्सा नको. यातले शेवटचे वाक्य सगळ्यांत महत्त्वाचे आहे, कारण फसगत रश्शातच होते. रिसोत्तोचा भात दिसायला साधा असतो, पण बहुधा मांसाच्या रश्शात शिजतो, आणि मिलानच्या केशरी रिसोत्तोत परंपरेने बैलाच्या हाडातला मगजही पडतो.

बोलोन्यात २५ तारखेचा मान तोर्तेलिनीचा आहे. माझ्या घरमालकीणबाई २४ तारखेला सकाळपासून ओट्यावर पिवळीजर्द पोळी लाटायच्या, तिचे दोन बोटे रुंदीचे चौकोन कापायच्या, प्रत्येकावर हरभऱ्याएवढे सारण ठेवून त्रिकोणी घडी घालायच्या आणि करंगळीच्या टोकाभोवती वळवून कोपरे चिमटायच्या. आपल्याकडे मोदकाच्या पाऱ्यांवरून सुनेचा हात पाहतात, तसाच तिथे या वळणावरून पाहतात. सारणात डुकराचे मांस, हॅम, मोर्तादेला आणि पार्मेसान चीज. ही कृती १९७४ साली बोलोन्याच्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये रीतसर नोंदवलेली आहे. शिजवायचे मात्र खच्ची केलेल्या कोंबड्याच्या रश्शात. आईंना हे बघायला न्या, खायला नव्हे. बोलोन्याच्या ताज्या पास्त्यात अंडे असतेच, हेही ध्यानात असू द्या. पुडीतला साधा वाळलेला पास्ता मात्र निव्वळ कठीण गव्हाचा रवा आणि पाणी असतो, तो निर्धास्त खावा.

आणखी एक सापळा म्हणजे पियादीना. आपल्या पोळीची सख्खी बहीण वाटावी अशी दिसते, पण पारंपरिक पिठात डुकराची चरबी घालतात. तेलाची पियादीनाही मिळते, म्हणून आधी विचारावे.

पुसदकर

ताईंनी उत्तरेचे छान सांगितले आहे. मी नेपल्सजवळच्या एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात पाच वर्षे होतो, म्हणून दक्षिणेची भर घालतो.

नेपल्समध्ये २३ तारखेच्या रात्री मासळीबाजार पाहण्यासारखा असतो. निळ्या टोपल्यांत पाणी सोडून जिवंत वाम ठेवलेली असते, तिला तिकडे कापितोने म्हणतात. एखादी उसळून फरशीवर पडली की बायका-पोरे ओरडत मागे सरतात आणि विक्रेता शांतपणे ती फडक्यात धरून परत टाकतो. तुम्ही ३० तारखेला पोहोचणार म्हणजे हे हुकेल, आणि आईंच्या दृष्टीने ते बरेच झाले. सान ग्रेगोरिओ आर्मेनो ही देखाव्यातल्या मूर्ती घडवणाऱ्यांची गल्ली मात्र चुकवू नका. येशूजन्माचा देखावा मांडण्याची चाल संत फ्रान्सिसने १२२३ साली ग्रेच्चो गावी केलेल्या देखाव्यापासून पुढे पसरली असे मानतात. नेपल्सच्या कारागिरांनी तिच्यात अख्खा बाजार वसवला आहे: पावभट्टी, भाजीवाला, झोपलेला मेंढपाळ, आणि त्या वर्षी गाजलेला पुढारी किंवा फुटबॉलपटूसुद्धा. घरच्या देखाव्यात २४ तारखेच्या मध्यरात्रीपर्यंत गव्हाण रिकामी ठेवतात आणि बाराच्या ठोक्याला बाळ आणून ठेवतात. गोकुळाष्टमीचा पाळणा पाहिलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

३१ तारखेच्या जेवणाला "चेनोने" म्हणतात. हॉटेलात त्याचा ठरलेला मोठा दर असतो आणि पदार्थही ठरलेले असतात. त्यातून शाकाहारी माणसाच्या वाट्याला फार थोडे येते, म्हणून त्या रात्री हॉटेलावर पैसे घालवू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. मसुराचा मान त्या रात्रीचाच. दाणे नाण्यांसारखे चपटे गोल, म्हणून ते खाल्ले की वर्षभर पैसा खेळतो असे मानतात. पण त्यासोबत डुकराच्या मांसाचे कोतेकीनो शिजते. आईंसाठी बाजारातून मसूर आणून घरीच फोडणी द्यावी. शकुन तोच आणि चव आपली. मध्यरात्री नेपल्समध्ये फटाके बेसुमार उडतात. अकरानंतर रस्त्यावर थांबू नका, गच्चीतून पाहा.

स्त्रुफोली म्हणून मधात घोळलेले बारीक तळलेले गोळे सगळीकडे दिसतील. बुंदीचा लाडू वळायचा राहून गेला असे वाटते. त्यात अंडी असतात आणि पुष्कळदा चरबीही, म्हणून ते टाळावे. पिझ्झ्यात "मारिनारा" मागावा: टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि तेल, चीजसुद्धा नाही.

निवृत्त गुरुजी, दर्यापूर

एवढा खटाटोप कशासाठी करायचा, हे मला उमगत नाही. एक छोटा कुकर, घरचे तूप, खव्याचे पेढे आणि दोन किलो तुमचीच संत्री सोबत बांधावी, म्हणजे परक्या मुलखातल्या कागदी वाक्यांवर विसंबण्याची पाळी येणार नाही.

आर्वीची लेक

गुरुजी, आपल्या काळजीचा आदर आहे, परंतु हे सामान विमानतळावरच काढून घेतील. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत, त्यामुळे तूप, खवा आणि पेढे बाद. ताज्या फळांना रोगमुक्तीचा दाखला लागतो. केळी, नारळ, अननस, खजूर अशा मोजक्या फळांनाच त्यातून सूट आहे. संत्र्याला ती नाही. जवसाची चटणी, तिखट, काळा मसाला, तिळाचे लाडू एवढे खुशाल न्या. बेसन नेण्याची गरज नाही, "फारिना दि चेची" या नावाने तिथे दुकानात मिळते. लिगुरिया प्रांतात त्याच पिठाचे जाड धिरडे भट्टीत भाजतात, त्याला फारिनाता म्हणतात. पीठ, पाणी, मीठ आणि ऑलिव्हचे तेल, दुसरे काही नाही. उत्तरेकडच्या थंडीत मक्याच्या कण्यांचा घट्ट घाटा, म्हणजे पोलेन्ता, घराघरांत शिजतो. तोही आईंना मानवेल, फक्त वर काय ओतले आहे ते पाहून घ्यावे. चौकाचौकांत भाजलेले चेस्टनट कागदाच्या कोनात मिळतात. हात गरम राहतात आणि पोटालाही आधार होतो. पार्मेसान चीज वासराच्या जठरातल्या विरजणाने बनते, हे सांगून ठेवते. पुढचा निर्णय त्यांचा.

संत्रेवाला, वरुड

सर्वांचे मनापासून आभार. गुरुजींनी सुचवलेला तुपाचा डबा आमच्या यादीत पहिल्या क्रमांकावर होता, तो काढला. दोन शंका उरल्या. नाताळचा तो उंच केक परत येताना आणावा काय? आणि ६ जानेवारीला रोममध्ये काय पाहावे?

आर्वीची लेक

तो केक म्हणजे पानेत्तोने, मूळ मिलानचा. त्यात अंड्याचा बलक असतोच, तेव्हा आईंसाठी नाही. बाकीच्यांसाठी जरूर आणा. २००५ सालच्या इटालियन सरकारी आदेशानुसार त्यात किमान १६ टक्के लोणी आणि किमान २० टक्के मनुका व पाकवलेल्या साली असाव्या लागतात. आंबवलेल्या पिठाचा तो इतका हलका फुगतो की भट्टीतून निघाल्यावर खाली बसू नये म्हणून बुडात सळया खुपसून रात्रभर उलटा टांगतात. पाकवलेली साल संत्र्याची असते, भाऊ. आपण उकिरड्यावर टाकतो ती. व्हेरोनाचा पान्दोरो हा त्याचा साधा भाऊ: मनुका नाहीत, साली नाहीत, वर नुसती पिठीसाखर.

फळबाजारात जरा रेंगाळा, ही माझी खास विनंती. डिसेंबरात कालाब्रियाची क्लेमेंटाइन पानांसकट विकतात, पान टवटवीत असले की फळ ताजे हे गिऱ्हाइकाला दुरून कळते. सिसिलीत एटना ज्वालामुखीच्या पायथ्याची संत्री आतून रक्तासारखी लाल असतात, आणि तो रंग दिवसाची ऊब व रात्रीची थंडी यांच्या तफावतीने चढतो. त्यांच्या चकत्या बडीशेपेच्या कांद्यासोबत, वर मीठ, तेल आणि काळे ऑलिव्ह घालून कोशिंबीर करतात. ही आईंनी बिनधास्त खावी.

६ जानेवारी हा बेफानेचा दिवस. झाडूवर बसून येणारी ही फाटक्या लुगड्यातली म्हातारी आदल्या रात्री मुलांच्या टांगलेल्या मोज्यांत खाऊ भरते आणि वात्रट पोरांना कोळसा ठेवते. हल्ली तो कोळसा साखरेचाच असतो, काळा आणि खडबडीत. रोमच्या पियात्सा नावोनात तिच्या बाहुल्या आणि मोजे घेऊन मंडळी जमतात. सगळे सण ती आपल्यासोबत घेऊन जाते, अशी तिकडे म्हण आहे. नागपूरच्या पिवळ्या मारबतीने ईडा-पीडा न्यायची, इथे म्हातारी सुट्ट्याच नेते. व्हॅटिकनची संग्रहालये त्या दिवशी बंद असतात, ती ४ किंवा ५ तारखेला उरकून घ्या.

संत्रेवाला, वरुड

ताई, हे सगळे आईला वाचून दाखवले. बडीशेपेला कांदा असतो, यावर तिचा अजून विश्वास बसलेला नाही. व्हॅटिकन आधी पाहून ६ तारीख पियात्सा नावोनासाठी मोकळी ठेवली आहे, आणि ३१ तारखेच्या हॉटेलाचा विचार सोडला आहे. आईने आत्ताच मुलाला फोन करून दोन किलो बेसन आणून ठेवायला सांगितले आणि २४ तारखेच्या रात्री त्याच्या घरमालकीणबाईंना पाटोडीच्या रश्शाचे आमंत्रण देऊन टाकले. त्या दिवशी त्यांचाही मांसाचा उपवास आहे, हे तिने तुमच्या लिखाणातून नेमके हेरले.