ऑनलाइन एमबीएत 'लीडरशिप' शिकवता येते का? माझं मत : नाही

हातमागाचा नातू :
सोलापूरला अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. नोकरी सांभाळून ऑनलाइन एमबीए चाललंय, तिसरं सेमिस्टर. यंदा 'लीडरशिप'चा पेपर आहे आणि माझं डोकं फिरलंय.

रविवारी रोल-प्ले होता. सहा जणांना एका ब्रेकआउट रूममध्ये टाकलं, त्यात चौघांचे कॅमेरे बंद. मी मॅनेजर, समोरचा कामचुकार कर्मचारी. पद्धत शिकवली होती : आधी प्रसंग सांगायचा, मग समोरच्याचं वागणं, मग त्याचा परिणाम, माणसावर घसरायचं नाही. समोरचा बहुतेक जेवत होता. मी तोंड उघडलं की "हो सर, चुकलं". मला 10 पैकी 9 मार्क.

सोमवारी तेच खऱ्या माणसावर करून बघितलं. आमचे जॉबरमामा, म्हणजे मागांची दुरुस्ती बघणारे, 28 वर्षं मागात आहेत. चार नंबरच्या मागाचा ताणा (उभं सूत) सारखा तुटत होता आणि मामा तो तसाच सोडून दुसरीकडे गेलेले. मी जाऊन प्रसंग, वागणं, परिणाम ओळीने म्हणून दाखवलं. मामांनी हातातला पाना खाली ठेवला, पूर्ण ऐकलं आणि म्हणाले, "साहेब, पाठ करून आलाय व्हय?" शेजारचे तिघं खो खो हसले.

अकाउंट्स स्क्रीनवर शिकता येतं, मीही शिकलो. माणसं सांभाळणं नाही.

शेंगाचटणी :
मामांना 10 पैकी 10.

फळा-डस्टर :
मी हाच विषय ऑनलाइन शिकवतो, तेव्हा मला जरा लागलं, हे आधीच कबूल करतो.

तुमचा रोल-प्ले भिकार होता, मान्य. पण तो वर्गात घेतला असता तर? तिथेही मित्रच समोर बसतो आणि "हो सर, चुकलं" म्हणतो. शिवाय पूर्णवेळ एमबीएच्या पोरांना सोमवारी जॉबरमामा कुठून मिळणार? ती नेतृत्व शिकतात ते गॅदरिंगच्या कमिटीत. तुम्ही रविवारी शिकलात, सोमवारी वापरलंत, तोंडावर आपटलात. ही सोय कॅम्पसवर नाही.

एक विचारतो. मामांशी बोललात ते नेमकं कुठे उभं राहून?

लालबावटा :
मास्तर, शिकवून पुढारी होत असते तर गावोगाव कारखाने टाकले असते त्यांचे. 1930 च्या मे महिन्यात या शहरातला सरकारी अंमल कोसळला तेव्हा रस्त्यावरची व्यवस्था स्वयंसेवकांनी सांभाळली. कुठला पेपर दिला होता त्यांनी? आपल्या डोळ्यांदेखत घडलेलं बघा. कुंभारीला कामगारांचं रे नगर उभं राहिलं, 30 हजार घरांची योजना. जानेवारी 2024 मध्ये पंतप्रधान येऊन 15 हजार घरांच्या किल्ल्या देऊन गेले. त्या घरांसाठी कामगार नेते आडम मास्तरांच्या मागे विडी वळणाऱ्या बायका वर्षानुवर्षं मोर्चाला उभ्या राहिल्या. त्या काय सर्टिफिकेट बघून?

फळा-डस्टर :
@लालबावटा, काका, युनियनचे अभ्यासवर्ग विसरलात का? सभेत कसं बोलायचं, मालकाशी वाटाघाटीत आधी काय मागायचं आणि काय राखून ठेवायचं, हे तिथे बसवून शिकवत होतेच की. तुम्हीच शिकवलं असेल कुणाला तरी.

लालबावटा :
शिकवलं. पण सतरंजीवर, समोरासमोर. कोण झोपलाय ते दिसायचं.

जुळे सोलापुरी :
'समोरासमोर'चं फार कौतुक चाललंय म्हणून लिहिते. माझी आई विड्या वळते, मी फायनान्स कंपनीत आहे. पुण्याला दोन वर्षं राहून एमबीए करणं आमच्या घरात कधीच शक्य नव्हतं. ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची, असं यूजीसीने 2022 मध्ये स्पष्ट केलं तेव्हा घरचे तयार झाले. बीकॉमच्या वर्गात तीन वर्षांत मी एकदाही हात वर केला नाही. इथे लिहून मांडायचं असतं, तर मी लिहिते, आणि लोक उत्तर देतात.

आमच्या गटात पाच जण, पाच गावचे. एक जण निळी टिक दाखवायचा, उत्तर द्यायचा नाही. बाकीचे म्हणाले, त्याचं नाव उडवू. मी गटप्रमुख, पण ना त्याचा पगार माझ्या हातात, ना त्याचा चेहरा कधी बघितलेला. रात्री 11 वाजता सरळ फोन लावला. पहिली पाच मिनिटं नुसत्या थापा. मग कळलं, त्याला एक्सेल येत नव्हतं आणि सगळ्यांसमोर सांगायची लाज वाटत होती. काम बदलून दिलं, दुसऱ्या दिवशी पाठवलं त्याने. हे नेतृत्व नसेल तर काय आहे सांगा.

हातमागाचा नातू :
ताई, ते नेतृत्वच. पण ते तुम्हाला कोर्सने शिकवलं का? तुमचं तुम्हालाच सुचलं की!

जुळे सोलापुरी :
गटात टाकलं कोर्सनेच. नाहीतर मी कशाला कुणाला रात्री 11 ला फोन करते.

शेंगाचटणी :
आमच्यात फोन फक्त फी भरायची राहिली की येतो.

हातमागाचा नातू :
@फळा-डस्टर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर टाळत होतो. मागाशेजारीच उभा होतो. शेड चालू होतं, तिथे कानाला तोंड लावून ओरडल्याशिवाय काही ऐकू जात नाही. म्हणजे मी ती सभ्य तीन वाक्यं बोंबलून म्हटली, चौघांदेखत.

फळा-डस्टर :
मग मामा बरोबर बोलले! 28 वर्षांच्या माणसाला हाताखालच्या पोरांसमोर ओरडून 'परिणाम' सांगितलात. पद्धत नाही चुकली, जागा चुकली.

हातमागाचा नातू :
थांबा. जागेचं आमच्या कोर्समध्ये कुणी विचारलं? तुम्ही विचारलंत, तेही इथे, फुकटात. कोर्सवाल्यांना आमचा कारखाना म्हणजे एसी केबिन वाटते. त्यांनी माझे 9 मार्क दिले ते पाठांतराला.

फळा-डस्टर :
हे लागलं, आणि बरोबर लागलं. माझ्याच बॅचचं सांगतो. दीडशे जणांचे रोल-प्लेचे व्हिडिओ येतात, तिसाव्यानंतर मीही वाक्यंच मोजतो. "कामावर जाऊन करा, काय बिनसलं ते लिहा" असा गृहपाठ दिला तर वाचायला महिना लागेल, आणि तेवढी माणसं कोणी नेमत नाही. पण हा दोष पैसे वाचवण्याचा आहे, स्क्रीनचा नाही.

थिअरीवर सगळे हसतात म्हणून एकच सांगतो. मानसशास्त्रज्ञ लेविन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1939 मध्ये अमेरिकेत दहा-अकरा वर्षांच्या मुलांच्या गटांवरचा प्रयोग छापला. मुखवटे बनवण्यासारखी कामं होती. हुकूम सोडणारा प्रमुख खोलीबाहेर गेला की मुलांचं काम ढेपाळायचं. मुलांना विचारून चालणाऱ्याच्या गटात फारसा फरक पडत नव्हता. आता सांगा, रात्रपाळीला तुम्ही घरी असता तेव्हा चार नंबरचा माग कोण बघतं?

हातमागाचा नातू :
मामाच.

लालबावटा :
मग खरा पुढारी कोण, ते ठरलं. त्यांना बाहेर टपरीवर न्या, चहा सांगा आणि ताणा का तुटतोय ते आधी त्यांनाच विचारा. सुताची तक्रार असेल, मालक ऐकत नसेल. हे आम्ही 40 वर्षांपूर्वी सांगत होतो, बिनफीचं.

हातमागाचा नातू :
मत बदललेलं नाही माझं. उद्या पाळी बदलताना नेतो टपरीवर. सुताचं निघालं तर मालकाशी मलाच बोलावं लागणार, त्याचा रोल-प्ले अजून झालेला नाही.

शेंगाचटणी :
चहाची पावती जोडा, इंटर्नल मार्क मिळतील. चला, पाच दिवसांनी पाणी आलंय, घागरी भरायला पळतो.