लोड काढताना बाहेरचं टेंपरेचर मागचं धरायचं की पुढचं? मदत हवी आहे

मंडळी, एका चार मजली ऑफिसचं हीटिंग-कूलिंगचं डिझाईन हातात आहे आणि लोड (आत किती गारवा नि ऊब पुरवावी लागेल तो आकडा) काढायला बसले तर पहिल्याच आकड्यावर गाडी अडली.

नेहमी आपण टेबलमधला बाहेरच्या टेंपरेचरचा ०.४ टक्केवाला आकडा उचलतो, म्हणजे वर्षाच्या ८७६० तासांपैकी साधारण ३५ तासच बाहेर त्याहून जास्त तापतं. पण तो आकडा आला जुन्या नोंदींवरून, आणि बिल्डिंग उभी राहणार पुढची ५०-६० वर्षं. वेदर फाइलचंही (सिम्युलेशनला देतो ती वर्षभराच्या तासातासाच्या हवामानाची फाइल) तेच, ती वेगवेगळ्या वर्षांतले 'टिपिकल' महिने जोडून शिवलेली गोधडी, उष्णतेच्या लाटा त्यात बऱ्याचदा गळूनच जातात.

सीनिअर म्हणतात, टाक २० टक्के जास्त आणि मोकळी हो. मला नाही पटत. मशीन मोठं घेतलं की बहुतेक दिवस पार्ट लोडवर, म्हणजे पूर्ण ताकदीपेक्षा कमीवर चालणार, फिक्स्ड स्पीडचं असेल तर जरा चालून बंद, परत चालू, खोली गार पण हवा दमटच. आणि हवामान बदलाने होणारी वाढ काय सगळीकडे सारखी होतेय का, रात्री तापायला लागल्या की नाइट व्हेंटिलेशनने स्लॅब गार करून घ्यायचा आमचा प्लॅनच बोंबलतो, वेट बल्ब (पाणी बाष्पीभवनाने जितकं गार होऊ शकतं ते टेंपरेचर) चढला तर कूलिंग टॉवरचं पाणी त्याच्या खाली जाऊच शकत नाही, मग ते २० टक्के नेमके कशावर लावू?

हीटिंगचा वेगळाच घोळ. थंडी कमी होतेय म्हणून आर्किटेक्टला हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढणारं मशीन) लहान हवाय (गच्चीवर जागा वाचते ना!), पण एखादी कडाक्याची रात्र येणारच आणि नेमकी तेव्हाच हीट पंपाची कपॅसिटी घसरलेली असते.

मी विचार केलाय तो असा, चिलर (कूलिंगचं पाणी गार करणारं मशीन) १५-२० वर्षांनी बदलणारच तर तो तेवढ्याच काळापुरता धरायचा, पण शाफ्ट, मेन पाइप, गच्चीवरची जागा, इलेक्ट्रिक पॅनेल हे नंतर फोडून वाढवता येत नाही, ते २०५० च्या अंदाजाच्या वेदर फाइलवर तपासायचं. ती फाइल मॉर्फिंग करून (जुन्या नोंदींत पुढच्या हवामानाचा फरक मिळवून) बनवलीये, पण त्यात जुन्याच वर्षाचे तास वर सरकतात, नवीन लाट काही तयार होत नाही. मग एखादं खरंखुरं कडक उन्हाळ्याचं वर्ष वेगळं चालवून बघता का तुम्ही? आणि पुढच्या उत्सर्जनाचा सिनॅरिओ एसएसपी२-४.५ (मधला) धरता की एसएसपी५-८.५ (सगळ्यात जास्त उत्सर्जनाचा)? क्लायंटला काय सांगून पटवता तेही लिहा, चिलरची साइज शुक्रवारी द्यायचीय.