सारखी तक्रार करणाऱ्या गिऱ्हाइकाला हात जोडावेत का?

कानवाली_जोडी: कोल्हापुरात चप्पल लाईनला वडिलांपासूनचं कोल्हापुरी चपलांचं दुकान. एक काका एकाच जोडापायी नऊ वेळा आले. पहिल्यांदा चावते म्हणून. तेल लावून मऊ करून दिली. मग म्हणे करकर वाजत नाही. मग भर पावसात रंकाळ्यावर फिरून आले आणि तळ उसवला म्हणून भांडले. तोही शिवून दिला. परवा पैसे हातावर ठेवले आणि म्हटलं, काका, आता दुसरं दुकान बघा. घरात म्हणतात चुकलास. तुम्हाला काय वाटतं?

शाहूपुरीकर: लई बेस केलंस भावा. २००७ मध्ये अमेरिकेत स्प्रिंट या मोबाइल कंपनीनं सारखे फोन करणाऱ्या हजारभर ग्राहकांना असंच पत्र धाडलं होतं. बिल शून्य, करार मोडायचा दंड माफ, पण नंबर दुसरीकडं न्या.

गंगावेस_कट्टा: त्या कंपनीचे ग्राहक पाच कोटींच्या वर होते, हजारांनी काय बुडणार होती? तक्रारी सोडवल्यात असं कंपनी म्हणाली. सोडवल्या हे ठरवलं कोणी? कंपनीनंच! आमच्या गंगावेशीत म्हैस समोर पिळतात, तरी ‘फेस नको, दूध घाल’ म्हणून एक म्हातारा रोज तंडतो. त्याच्या धाकानं माझाही पेला भरून येतो. त्याला हाकलला तर माझं नुकसान.

शाहूपुरीकर: म्हातारा फुकट तंडतो. इथं दर खेपेला कारागिराचा अर्धा दिवस जातोय.

गंगावेस_कट्टा: मग शिवायचे पैसे घ्यायचे. दार कशाला लावायचं?

राजारामपुरी_९वी_गल्ली: दोघांनी जरा थांबा. माल सदोष असेल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिलावरच्या मुदतीत, मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यावाच लागतो. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी तिथं चालत नाही. पण चामडं पावसात भिजवलं हा मालाचा दोष नव्हे. पुढच्या वेळी नको म्हणणं वेगळं आणि झालेल्या विक्रीची जबाबदारी झटकणं वेगळं. यानं पैसे दिलेत, विषय संपला. बिलावर ‘पावसात वापरू नये’ एवढं मात्र छापून घे.

कानवाली_जोडी: छापतो. एक सांगायचं राहिलं, पैसे दिले पण जोड मागून घ्यायचा विसरलो. काल महाद्वार रोडला काका दिसले. पायात तीच. करकर वाजत होती.